प्रस्थान आणि ओहोटी

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी सारावाकच्या प्रवासावर एक लेख लिहिला होता. सारावाक हे बोर्निओ बेटावरचे मलेशियाचे राज्य. कुचिंग शहरातली पायपीट, बाको राष्ट्रीय उद्यानाकडे नेणारी होडी आणि मुलूच्या जंगलातली चढण असा तो तीनपदरी प्रवास होता. लेख बरा वठला असे मला त्या वेळी वाटले. दोन-चार जाणकारांची पत्रेही आली. गेल्या वर्षी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना, काहीशा आत्मप्रौढीनेच, मी तो वर्गात वाचून दाखवला. त्यात एक वाक्य असे आहे की, बाकोच्या किनाऱ्याशी लहरी समुद्राने ऐनवेळी आमच्याकडे पाठ फिरवली. वाचन संपल्यावर रायगड जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यातून आलेल्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, समुद्र लहरी कसा असेल? त्या दिवशी तिथी कोणती होती?"

मला सांगता आली नाही. घरी येऊन जुने पंचांग काढले. 20 फेब्रुवारी 2019, माघ वद्य प्रतिपदा. म्हणजे पौर्णिमेचा दुसरा दिवस, ऐन उधाणाचा. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी चढते तितकीच ओहोटीही खोल जाते, हे कोकणात जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागू नये. तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे, की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब माझ्या आजोळी शाळेत न गेलेल्या बायकाही करीत. चतुर्थी असेल तर तीनला पूर्ण भरती. हा गुणाकार आपल्या किनाऱ्यापुरता आहे. बोर्निओच्या किनाऱ्यावर भरती वेगळ्या घटकेला येते आणि तिथले कोष्टक तिथेच पाहावे लागते. पण चंद्र सगळीकडे एकच असल्यामुळे उधाणाचे दिवस तेच राहतात. एवढे मला ठाऊक होते. सोबत नेण्याच्या गोष्टींत ते मी धरले नव्हते, इतकेच.

त्या वाक्यामागची हकीकत अशी. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी आदल्या रात्री बजावले होते की सकाळी लवकर निघा, नंतर पाणी जाईल. मी मात्र सकाळच्या उन्हात कुचिंगचा नदीकाठ पाहण्याचा हट्ट धरला. मेन बझारची जुनी दुकानघरे, तुआ पेक काँगचे देऊळ, इंडिया स्ट्रीटवरच्या दुकानांमधून मशिदीकडे जाणारी ती अरुंद बोळ, हे सारे पाहून कांपुंग बाकोच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंत अकरा वाजत आले. होडीवाल्याने पाण्याकडे बोट दाखवून 'आएर सुरुत' असे दोनदा म्हटले. त्याचा अर्थ ओहोटी, हे मला नंतर कळले. उद्यानाच्या धक्क्यापर्यंत होडी जाऊ शकली नाही. बऱ्याच अलीकडे आम्ही गुडघाभर पाण्यात उतरलो आणि पुढे चिखलातून चालत गेलो. माझ्याबरोबर आमच्या विभागातल्या एक सहकारी बाई होत्या. जंगलात चालण्यासाठी त्यांच्याकडे बुटांचा एकच जोड होता आणि तो कोरडा राहायला हवा म्हणून त्यांनी तो गळ्यात अडकवला होता. अनवाणी पाय कालवाच्या धारेवर पडला. जखम लहान होती, परंतु त्या हवेत ती चिघळली आणि चार दिवसांनी मुलूला जायचे त्यांना सोडून द्यावे लागले. माझ्या लेखात मात्र असे छापले आहे की, सहकारी बाईंनी शहर अधिक निवांतपणे पाहणे पसंत केले.

आणखी एक कबुली उरली आहे. मुलूच्या चुनखडीच्या सुळक्यांपर्यंत मी पोहोचलो नाही, याचे खापर लेखात पावसावर फोडले आहे. पाऊस होता हे खरे. पण अडीच किलोमीटरांहून थोड्या कमी अंतरात सुमारे 1200 मीटर चढायचे असते आणि ठरलेल्या वेळेला ठरलेला टप्पा गाठला नाही तर वाटाड्या माणसाला परत फिरवतो, तसे त्याने मला फिरवले. दर रविवारी सिंहगड चढतो म्हणून मी निर्धास्त होतो. सिंहगडाची पायथ्यापासूनची चढण त्याच्या साधारण निम्मी आहे आणि ती पुण्याच्या हवेत आहे, एवढा हिशेब मी घरी बसून करू शकलो असतो.

तर समुद्र, पाऊस आणि सहकारी बाईंची तथाकथित आवड, या तीन ठिकाणी माझा लेख खोटा आहे. तिन्ही खोट्यांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे तयारीचा वृत्तांत गाळणे. हे माझे एकट्याचे पाप असते तर ते इथे चव्हाट्यावर मांडण्याचे कारण नव्हते. परंतु प्रवासवर्णनाचा आपण वर्गात जो विचार करतो त्यातही हाच दोष आहे असे मला वाटू लागले आहे. लेखकाची निरीक्षणशक्ती, शैली, विनोद, निसर्गचित्रण, व्यक्तिचित्रण अशी खाती पाडून आपण उत्तरे लिहून घेतो. निघण्यापूर्वी या माणसाला काय माहीत होते, कोणी काय सांगितले होते आणि त्यातले त्याने काय ऐकले, हा प्रश्न आपण विचारत नाही. वास्तविक प्रवासवर्णनाच्या खरेपणाची पहिली कसोटी तिथेच लागते. तयारी कळली नाही तर पुढचे प्रत्येक संकट दैवाने आल्यासारखे दिसते, आणि लेखकाला ते सोयीचेच असते.

आपल्या परंपरेत हे नेहमीच असे नव्हते. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आपण 1857 चा साक्षीदार म्हणून वाचतो, पण त्या पुस्तकाचा पाया घरच्या कर्जात आहे. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, वडीलधाऱ्यांची परवानगी मिळवून, अनुभवी काकांच्या सोबतीने हा तरुण निघतो. पैसा, परवानगी आणि सोबत ही त्याची तयारी. ती त्याने सांगितली असल्यामुळे पुढे बंडाच्या धुमाळीत सापडल्यावर त्याने काय गमावले ते आपल्याला मोजता येते. 'अपूर्वाई'त पु. ल. देशपांडे यांनी तयारीला भरपूर जागा दिली, आणि ती इतकी बहारीची झाली की तिच्यानंतर मराठी प्रवासलेखनात तयारी म्हणजे विनोदाचा विषय असा जणू संकेतच पडला. फजितीचा विनोद सांगितला की जबाबदारी फिटते. हा दोष पु. लं.चा नव्हे, आम्हा अनुकरण करणाऱ्यांचा.

आपल्या भाषेत 'प्रस्थान ठेवणे' असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल, तर नारळ, वस्त्र, एखादे गाठोडे असे काहीतरी शेजाऱ्याच्या घरी किंवा वाटेवरच्या देवळात नेऊन ठेवीत. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मुहूर्तावर माझी श्रद्धा नाही. तरीही प्रवास उंबऱ्याच्या आतच सुरू झालेला असतो आणि त्याचा पहिला साक्षीदार शेजारी असतो, ही त्यामागची जाण मला आजच्या सामानाच्या याद्यांहून कितीतरी शहाणी वाटते.

याद्यांचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. फ्रान्सिस गाल्टनचे 'द आर्ट ऑफ ट्रॅव्हल' हे प्रवाशांसाठीचे मार्गदर्शक 1855 साली निघाले. त्या शतकात उष्ण कटिबंधात येणारा इंग्रज भेंडाची सोला हॅट डोक्यावर आणि पटकीपासून संरक्षण म्हणून फ्लॅनेलचा पट्टा पोटावर बांधून येई. तिथला प्रदेश हाच शत्रू आणि सामान हे चिलखत, ही त्या यादीची मनोभूमिका होती. गंमत अशी की आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत 'ट्रॉपिकल' म्हणून विकली जाणारी साधने आपण त्याच मनोभूमिकेने घेतो. मुंबई स्वतःच उष्ण कटिबंधात आहे हे आपण विसरतो. जळवा, गोम, कुबट कपडे, बुरशी लागलेले चामडे, पायाच्या बोटांतली चिखली, यांतले काहीही कोकणच्या माणसाला परके नाही.

आणि तरी घरचे ज्ञान तसेच्या तसे तिथे चालत नाही, हे मी सुळक्यांच्या पायथ्याशी शिकलो. कुचिंगला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो. म्हणून आकड्याने बिचकायचे कारण नाही. पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग कपडे वाळवायला आठ महिने मिळतात. विषुववृत्ताजवळ कोरडा असा महिनाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जोर अधिक, एवढाच फरक. घाम येतो तो वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि माणूस आपल्या नेहमीच्या चालीने चालला तर तासाभरात थकतो. दिवस बाराही महिने बारा तासांच्या आसपासचा, संध्याकाळ अशी लांबत नाही, आणि दाट झाडीखाली तर अंधार त्याच्याही आधी येतो. सुती कपडा एकदा भिजला की भिजलाच. म्हणून जाणती माणसे दोनच जोड नेतात, एक चालण्याचा आणि एक झोपण्याचा. सकाळी कोरडा जोड पिशवीत बंद करून कालच्याच ओल्या कपड्यांत पुन्हा शिरायचे असते. हे करायला मन तयार करणे हीसुद्धा तयारीच, आणि ती दुकानात मिळत नाही.

शहर, होडी आणि डोंगर या तिन्हींच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध असतात, ही अशा मिश्र प्रवासातली खरी अडचण. शहराला छत्री चालते, होडीतही ती उन्हाला उपयोगी पडते, चढणीवर मात्र दोन्ही हात मोकळे हवेत. (आपल्या लावणी करणाऱ्या बायकांचे इरले हा या प्रश्नाचा किती जुना आणि नेमका तोडगा होता!) होडीसाठी पाण्यात घालायची पट्ट्याची चप्पल हवी आणि सामान पाणी न शिरणाऱ्या पिशवीत हवे. जंगलासाठी पक्के बूट आणि गुडघ्यापर्यंत येणारे घट्ट विणीचे जळूमोजे हवेत. आपली तंबाखू-चुन्याची युक्ती पावसाने धुऊन जाते. शहराला काय हवे असते? शहराला वाचन हवे असते, आणि नेमके तेच आपण सामानातून आधी कमी करतो. 1841 मध्ये जेम्स ब्रूक नावाचा एक इंग्रज इथे राजा झाला आणि 1946 पर्यंत त्याच्या घराण्याने राज्य केले, हे माहीत नसेल तर नदीपलीकडचा मार्गेरिटा किल्ला आणि अस्ताना राजवाडा ही नुसती छायाचित्राची स्थळे ठरतात. आम्ही तर संग्रहालयाच्या 1891 च्या जुन्या इमारतीपर्यंत चालत गेलो आणि ती दुरुस्तीसाठी बंद आहे हे दाराशी वाचले.

औषधांच्या बाबतीत मात्र वाचनाला पर्याय नाही. 2000 साली बोर्निओच्याच साबा राज्यात इको-चॅलेंज नावाची एक साहसशर्यत झाली. सेगामा नदीतून पोहत, होड्या वल्हवत गेलेले स्पर्धक घरी परतल्यावर तापाने आजारी पडू लागले. 304 स्पर्धकांपैकी 189 जणांची चौकशी होऊ शकली. त्यांतल्या 80 जणांची लक्षणे लेप्टोस्पायरोसिसच्या व्याख्येत बसली. नदीचे पाणी गिळणाऱ्यांना धोका अधिक होता, आणि ज्यांनी डॉक्सिसायक्लिन घेतले होते त्यांना काही संरक्षण मिळालेले दिसले. जगातले अत्यंत तयारीचे म्हणवणारे खेळाडू होते ते. 2005 च्या जुलैनंतर लेप्टो हा शब्द मुंबईत पोराटोरांच्याही तोंडी होता. तरी पायाला उघडी जखम असताना नदीत उतरू नये हे आम्हा दोघा प्राध्यापकांना तिथल्या दवाखान्यात एका परिचारिकेने सांगावे लागले. निघण्यापूर्वी महिना-दीड महिना डॉक्टरांना गाठून हे सारे विचारून घ्यावे, एवढे सांगून हा भाग सोडतो.

आता साहित्याकडे येतो, कारण माझ्या खोट्या वाक्याचा एक फार थोर पूर्वज तिथेच आहे. 1921 साली सॉमरसेट मॉम सारावाकच्या बातांग लुपार नदीवर होता. या नदीच्या मुखातून उधाणाच्या भरतीचे पाणी भिंतीसारखे उभे राहून आत चढते; तिथले लोक त्याला 'बेनाक' म्हणतात. मॉमची होडी त्यात उलटली आणि तो बुडता बुडता वाचला. या अनुभवावर त्याने 'द यलो स्ट्रीक' ही कथा लिहिली. ती 1926 च्या 'द कॅज्युअरिना ट्री' या संग्रहात आहे. इझार्ट नावाचा एक अधिकारी लाटेत सापडल्यावर सोबत्याला सोडून स्वतःचा जीव वाचवतो आणि आपल्या भित्रेपणाचे कारण आपल्या अंगातल्या मलय रक्तात शोधत बसतो, असा तिचा गाभा. मॉमची पकड विलक्षण आहे; ही कथा मी अनेक वर्षे शिकवली. लाट ही नियतीचे रूप, ती माणसाचा मुखवटा फाडते, असे मी फळ्यावर लिहीतही असे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर कथा पुन्हा वाचली आणि माझे फळ्यावरचे वाक्य मला टिकेनासे झाले. बेनाक नियती नव्हे. ती चंद्राबरोबर येते आणि नदीकाठचा माणूस तिची वेळ सांगू शकतो. आज श्रीअमान गावात तिच्या वेळा जाहीर केलेल्या असतात, ती पाहायला लोक जमतात, तिच्या नावाने उत्सव होतो आणि तिच्यावर स्वार होण्यासाठी लाटांवरचे खेळाडू येतात. लेखकाने ज्याला दैव मानले ते तिथल्या लोकांच्या लेखी वेळापत्रक होते. कथेत होडी वल्हवणाऱ्या कैद्यांना नदी कशी दिसत होती हे कळले असते, तर इझार्टचा प्रश्न रक्ताचा उरलाच नसता. तो कोणाचे ऐकले आणि कोणाचे नाही, याचा झाला असता. कथा याने उणी ठरते असे मी म्हणत नाही. पण ती कोणत्या अज्ञानावर उभी आहे हे सांगितल्याशिवाय ती शिकवणे आता मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

याच सारावाकात मॉमच्या आधी कितीतरी वर्षे आलेल्या एका माणसाने वेगळे केले. आल्फ्रेड रसेल वॉलेस 1854 च्या नोव्हेंबरात इथे पोहोचला. 1855 च्या फेब्रुवारीत, पावसाने घराबाहेर पडणे अवघड झालेले असताना, त्याने सांतुबोंगला बसून नव्या जाती जुन्या जातींच्या लगत, त्याच प्रदेशात उद्भवतात असे मांडणारा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. पाऊस हा त्याच्या कामाचा भाग होता. सारावाकातच अली नावाचा एक मलय मुलगा त्याने नोकरीला ठेवला. तो होडी सांभाळे, स्वयंपाक करी, पुढे पक्षी टिपायला आणि सोलायला शिकला. वॉलेसने अलीचे नाव पुस्तकात ठेवले आणि 1905 च्या आत्मचरित्रात त्याचे छायाचित्र छापले. मालक-नोकराचे नाते होते, त्याला फुलांनी मढवण्याचे कारण नाही. अलीने स्वतः काही लिहिले नाही, हेही विसरू नये. तरीसुद्धा आपली तयारी कोणाच्या हातांनी झाली हे वॉलेसच्या पुस्तकातून कळते. माझ्या लेखात मालकीणबाई नाहीत, होडीवाला एका विशेषणापुरता आहे आणि मुलूचा वाटाड्या तर पावसात विरघळून गेला आहे. त्या दोघांची नावे मी विचारली होती की नाही, हेही मला आठवत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. सगळे आधीच वाचून, कोष्टके पाठ करून निघायचे तर प्रवासात अनपेक्षित असे काय उरले, आणि अनपेक्षिताशिवाय प्रवासवर्णनात वाङ्मय कुठून येणार? माझा अनुभव उलटा आहे. बाकोच्या पठारावर खुरट्या झाडांचे एक रान लागते, त्याला केरांगास म्हणतात. ज्या जमिनीत भात होत नाही ती, असा या इबान शब्दाचा अर्थ आहे. हा अर्थ मला परतल्यावर कळला. त्या रानात मी दोन तास चाललो होतो, घटपर्णीची छायाचित्रे घेतली होती आणि रान काहीसे कंटाळवाणे आहे असे टिपले होते. भाताच्या प्रदेशातला मी. तो एक शब्द आधी ठाऊक असता, तर त्या पांढुरक्या वाळूकडे पाहून मला आमच्या कातळावरच्या सड्यांची आठवण झाली असती, आणि कदाचित त्या लेखातले एकमेव खरे पान तिथे लिहिले गेले असते.

येत्या एप्रिलमध्ये पुन्हा जायचे ठरते आहे. सहकारी बाईंना मी सारे सांगितले, छापील लेखातले त्यांच्याविषयीचे वाक्यही वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही कोकणातले ना? मग मलाच विचारायला हवं होतं, तेव्हाच." यायला त्या तयार आहेत. भरतीचे कोष्टक त्यांच्या पिशवीत राहील, निघायची वेळ त्या ठरवतील, आणि परतल्यावर मी काही लिहिले तर छापायला देण्यापूर्वी ते त्यांना दाखवायचे, असे ठरले आहे. पाण्यात घालायच्या चपला मी परवाच आणल्या, दोन जोड, आणि त्यांच्या घरी नेऊन ठेवल्या.